भूमध्य समुद्रातील मत्स्यवेध

द्रौपदीच्या स्वयंवरात अर्जुनाने खालच्या पाण्यातील प्रतिबिंब पाहून वर फिरणाऱ्या मत्स्याचा डोळा भेदला, ही कथा मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. त्या पणात बाहुबलापेक्षा दृष्टीची कसोटी अधिक होती. भाल्याने मासा मारणाऱ्या प्रत्येक कोळ्याला ही कसोटी रोजच द्यावी लागते. प्रकाशकिरण पाण्यातून हवेत येताना वाकतात. त्यामुळे काठावरून किंवा होडीतून पाहणाऱ्याला मासा असतो त्याहून वर दिसतो. दिसेल तेथे भाला मारणाऱ्याचा नेम चुकतो आणि दिसते त्याच्या खाली मारणाऱ्याला मासा मिळतो.

ही विद्या फार प्राचीन आहे. होमरच्या ओडिसी काव्यात नरभक्षक राक्षस ओडिसियसच्या खलाशांना मासे भोसकावेत तसे भोसकतात. ऐकणाऱ्यांना हे दृश्य नित्याचे नसते तर कवीने ही उपमा दिली नसती. परंतु भाला घेऊन माशाच्या घरात शिरणे ही गोष्ट वेगळी होती. मनुष्याचा डोळा हवेसाठी घडलेला आहे. पाणी डोळ्याला भिडले की बुबुळाची प्रकाश वाकविण्याची शक्ती बहुतांशी नाहीशी होते आणि सारे धूसर होऊन जाते. डोळा व पाणी यांच्यामध्ये हवेचा थोडासा थर राखणे, एवढाच यावर उपाय आहे. जपानमधील आणि पॅसिफिक बेटांवरील पाणबुडे असे काचेचे चष्मे युरोपच्या आधीपासून वापरीत होते. युरोपला मात्र या साध्या काचेचे महत्त्व उमगण्यास विसाव्या शतकाचे चौथे दशक उजाडावे लागले.

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, आंतीब गावाच्या परिसरात, गाय गिलपॅट्रिक नावाचा एक अमेरिकन लेखक राहत असे. तो पूर्वीचा वैमानिक होता. विमान चालवितानाचा जुना चष्मा त्याने लुकणाने बंद केला आणि तो लावून उन्हाळ्यातील कोमट, नितळ पाण्यात डोके घातले. खालच्या खडकांतून फिरणारे मासे त्याला स्पष्ट दिसले आणि हाती भाला घेण्याचा मोह त्याला आवरला नाही. १९३८ साली त्याने या छंदावर एक पुस्तक प्रसिद्ध केले. नवशिक्यांना वाट दाखविणारे ते आरंभीचे पुस्तक होय.

साधनेही याच काळात एकेक करून सिद्ध होत गेली. १९३३ साली लुई द कॉर्ल्यू या फ्रेंच अधिकाऱ्याने पायांत घालावयाच्या रबरी पंखांचे एकस्व मिळविले. त्यामुळे पोहणाऱ्याचे हात भाल्यासाठी मोकळे झाले. चष्म्याचा एक दोष होता. खोल जावे तसा पाण्याचा दाब तो चष्मा डोळ्यांवर आवळीत असे. नाकही झाकणारा एका काचेचा मुखवटा आला, तेव्हा नाकावाटे आत हवा सोडून हा दाब सारखा करता येऊ लागला. साध्या भाल्याची जागा स्प्रिंगच्या किंवा रबराच्या जोरावर सुटणाऱ्या बंदुकीने घेतली. श्वास मात्र ज्याचा त्यालाच कोंडून धरावा लागे.

१९३६ सालच्या एका रविवारी तूलाँजवळच्या किनाऱ्यावर झाक-ईव्ह कुस्तो या तरुण नौदल अधिकाऱ्याने असाच चष्मा लावून पाण्यात डोकावून पाहिले. त्या एका दर्शनाने आपले आयुष्य पालटले, असे त्याने पुढे लिहून ठेवले. फिलिप तायेझ आणि फ्रेदेरिक द्युमा हे त्याचे सोबती. द्युमा तर श्वास कोंडून बुडी मारण्यात अद्वितीय होता. एकदा दोन तासांत शंभर किलो मासे मारून दाखविण्याची पैज त्याने मारली. त्याने पाचच बुड्या मारल्या, प्रत्येक बुडीत एकेक मोठा मासा वर आणला, आणि एकूण वजन भरले १२५ किलोंच्या वर! त्या पाचांपैकी चार हेकरू होते. कोकण किनाऱ्यावर याच्या जातभाईंना हेकरू किंवा गोबरा म्हणतात.

या शिकारीत मृत्यू पाण्याच्या तळापेक्षा पृष्ठभागाजवळ अधिक दबा धरून बसलेला असतो. श्वास घेण्याची तळमळ प्राणवायू संपल्यामुळे होत नाही. रक्तात साचलेला कर्बवायू ती निर्माण करतो. बुडीपूर्वी जोरजोराने श्वास घेणारा मनुष्य हा कर्बवायू बाहेर टाकतो, आणि त्याबरोबर धोक्याची घंटाही बंद करून टाकतो. दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट असतो, तोवर उरलासुरला प्राणवायू मेंदूला पुरतो. वर येताना दाब उतरतो आणि हाताच्या अंतरावर प्रकाश दिसत असताना शुद्ध हरपते. १९६१ साली अमेरिकन शास्त्रज्ञ अल्बर्ट क्रेग यांनी या मूर्च्छेची मीमांसा केली. एकट्याने कधीही उतरू नये आणि एक खाली असता दुसऱ्याने वरून त्याच्यावर नजर ठेवावी, हा या छंदाचा पहिला पाठ म्हणूनच ठरला.

दुसरा पाठ माशांनी दिला. आरंभी ते कुतूहलाने माणसाजवळ येत. काही वर्षांतच त्यांना भाल्याचा पल्ला कळला आणि ते त्याच्या बाहेर राहू लागले. पण हेकरूला हे शहाणपण पुरेसे साधले नाही. तो एका कपारीत घर करतो, वर्षानुवर्षे तेथेच राहतो आणि आल्यागेल्याला तोंड काढून पाहतो. त्याची वाढ सावकाश होते आणि त्याचे आयुष्य पन्नास वर्षांपर्यंत जाते. विशेष म्हणजे तो जन्माला मादी म्हणून येतो आणि वय वाढल्यावर त्यांतील काहींचा नर होतो. शिकाऱ्याची नजर सर्वांत मोठ्या माशावर. आणि सर्वांत मोठा मासा बहुधा नर! असे नर एकामागून एक गेले की उरलेल्या माद्यांची अंडी निष्फळ ठरतात. एका भाल्याने एक मासा मरतो, हा हिशेब येथे लागू पडत नाही.

हे नुकसान डोळ्यांनी पाहणारे पहिले साक्षी शिकारीच होते. व्हिएन्नाचा तरुण विद्यार्थी हान्स हास १९३७ साली याच किनाऱ्यावर आला, गिलपॅट्रिकला पाहून भाला शिकला आणि दोनच वर्षांत छायाचित्रयंत्र घेऊन कॅरिबियन समुद्रात गेला. कायद्याचा अभ्यास सोडून तो प्राणिशास्त्रज्ञ झाला. कुस्तोनेही १९४३ साली एमिल गान्यां याच्या साह्याने पाण्याखाली श्वसनाचे यंत्र सिद्ध केले, आणि पुढे त्याचे नाव शिकारीपेक्षा चित्रपटांनी व सागररक्षणाच्या कार्याने गाजले. हवेची टाकी पाठीवर घेऊन भाला मारण्यास आज अनेक देशांत बंदी आहे. श्वासाची मर्यादा हेच माशाचे उरलेले कवच, हा त्यामागील विचार होय.

१९६३ साली फ्रान्सने पोर-क्रो बेटाभोवतीचा समुद्र राष्ट्रीय उद्यान म्हणून राखला. पुढे त्या देशाच्या भूमध्य किनाऱ्यावर हेकरूच्या शिकारीला बंदी झाली. १९९३ च्या गणनेत पोर-क्रोच्या पाण्यात शंभराच्या आत हेकरू आढळले होते. २०११ मध्ये ते पाचशेंच्या वर भरले. मोजणी करणारे पाणबुडे तोच मुखवटा व तेच रबरी पंख लावून खाली उतरले होते. हाती भाल्याऐवजी पाटी आणि पेन्सिल होती. कपारीतून तोंड काढून पाहणाऱ्या माशाला तो फरक पुन्हा एकदा कळू लागला आहे. अर्जुनाला केवळ मत्स्याचा डोळा दिसला, यात त्याच्या एकाग्रतेचा गौरव आहे. परंतु समुद्रात उतरणाऱ्याला डोळ्याबरोबर सबंध मासाही दिसला पाहिजे, आणि त्या माशाच्या मागे त्याचे घरही.