घरात आलेली शाळा: पिंपरी-चिंचवड, चाकण आणि दहावीच्या तीन तुकड्या (२०२०–२०२२)

१/
१३ मार्च २०२०, शुक्रवार. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी विधिमंडळात घोषणा केली की पुणे आणि पिंपरी-चिंचवड येथील शाळा बंद राहतील. दहावी-बारावीच्या परीक्षा मात्र ठरल्याप्रमाणे होतील. दुसऱ्याच दिवशी हा निर्णय राज्यातील शहरी भागांना लागू झाला. महाराष्ट्रातील शाळांच्या प्रदीर्घ टाळेबंदीचा प्रारंभ असा या जोडशहरांतून झाला.

२/
त्या दिवशी दहावीची परीक्षा सुरूच होती. २३ मार्चचा भूगोलाचा पेपर तेवढा राहिला होता. तो आधी पुढे ढकलला गेला आणि १२ एप्रिलला रद्द झाला. इतर विषयांच्या गुणांच्या सरासरीवरून भूगोलाचे गुण देण्यात आले. २९ जुलैला लागलेला निकाल ९५.३० टक्के होता. या तुकडीचा एक पेपर हुकला, पण वर्ग हुकला नव्हता. खरी कसोटी तिच्या मागून येणाऱ्या दोन तुकड्यांची होती.

३/
ही कसोटी समजण्यासाठी आधी हा प्रदेश समजून घ्यावा लागतो. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. साठच्या दशकात औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत आली, मोटारींचे आणि दुचाकींचे कारखाने आले. १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या गावांची मिळून नगरपालिका झाली. १९८२ मध्ये महानगरपालिका. पुढे हीच कारखानदारी इंद्रायणी ओलांडून चाकणच्या माळावर पसरली.

४/
मराठवाडा, विदर्भ, खानदेश, उत्तर प्रदेश, बिहार अशा अनेक भागांतून माणसे येथे कामाला आली. त्यांच्या घराचे घड्याळ शाळेच्या घंटेवर चालत नाही. ते पहिली पाळी, दुसरी पाळी आणि रात्रपाळी यांवर चालते. एका खोलीत वडील रात्रपाळी करून झोपलेले असतात, तेव्हाच मुलाच्या अभ्यासाची वेळ असते. शाळेची इमारत उघडी असेपर्यंत या दोन वेळापत्रकांत एक भिंत होती. मार्च २०२० मध्ये ती भिंत पडली.

५/
श्रमिकांच्या वेळेला शिक्षण जुळवून घेण्याचा प्रश्न मात्र पुणे परिसराला नवा नव्हता. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली पुण्यात शेतकरी व मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसभर राबणारा माणूस दिवसाच्या शाळेत येऊ शकत नाही. तेव्हा शाळेनेच आपली वेळ बदलावी, हा त्यामागचा साधा विचार. पुढच्या काळातील रात्रशाळा, बाहेरून दहावीला बसण्याचा सतरा नंबरचा अर्ज आणि १९८९ साली नाशिकला स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ ही त्याच विचाराची पुढली रूपे म्हणता येतील.

६/
दूरवरून शिकवण्याचे तंत्रही येथे अपरिचित नव्हते. १९८४ साली पुण्यात राज्य शैक्षणिक तंत्रज्ञान संस्था उभी राहिली. महाराष्ट्र तिला ‘बालचित्रवाणी’ या नावाने ओळखतो. दूरदर्शनसाठी मराठीत शालेय कार्यक्रम तयार करणे हे तिचे काम. दोन पिढ्यांनी ते कार्यक्रम पाहिले. निधी आटत गेला आणि २०१७ साली राज्य शासनाने ही संस्था बंद केली. तिची सर्वाधिक गरज भासली, ती त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी.

७/
जगाच्या इतिहासातही एक उद्बोधक उदाहरण आहे. सप्टेंबर १९३७ मध्ये अमेरिकेतील शिकागो शहरात पोलिओची साथ पसरली आणि शाळा उघडणे लांबले. तेथील शिक्षण खात्याने तिसरी ते आठवीच्या तीन लाखांहून अधिक मुलांसाठी रेडिओवरून पाठ सुरू केले. प्रत्येक पाठ पंधरा मिनिटांचा. केंद्रांनी वेळ विनामूल्य दिली. वर्तमानपत्रे वेळापत्रक, सूचना आणि प्रश्न छापत असत.

८/
त्या प्रयोगातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट रेडिओ नव्हती, दूरध्वनी होता. शंका विचारण्यासाठी पालकांना एक क्रमांक दिला होता. पहिल्याच दिवशी हजाराहून अधिक फोन आले आणि उत्तरे देण्यासाठी शिक्षक वाढवावे लागले. पाठ फार भरभर जातात, मागे पडलेल्या मुलाला ‘थांबा’ म्हणता येत नाही, ही तक्रार तेव्हाही होती. पाठ घरोघर पोहोचवणे सोपे. मुलाचा प्रश्न परत आणणे अवघड. शिकागोने हा धडा तीन आठवड्यांत घेतला.

९/
महाराष्ट्रात एप्रिल २०२० पासून राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची ‘शाळा बंद... पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागली. १५ जूनला नवे शैक्षणिक वर्ष सुरू झाले, पण घंटा वाजली नाही. ‘बालभारती’च्या पुस्तकांवरील क्यूआर कोड ‘दीक्षा’ अ‍ॅपमधील पाठांकडे नेत होते. २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका आली. ती पहिली ते आठवीसाठी होती. दहावी-बारावीसाठी त्याच वाहिनीवर ‘ज्ञानगंगा’चे पाठ दाखवले जात.

१०/
केंद्र सरकारने जुलै २०२० मध्ये ‘प्रज्ञाता’ ही मार्गदर्शिका काढली. नववी ते बारावीसाठी दिवसाला अधिकाधिक चार तासिका आणि प्रत्येक तासिका ३० ते ४५ मिनिटांची, अशी तिची मर्यादा. दिवसभराची शाळा पडद्यावर जशीच्या तशी आणता येत नाही, याची ही कबुली होती. त्याच महिन्यात राज्याने पहिली ते बारावीचा अभ्यासक्रम २५ टक्क्यांनी कमी केला.

११/
साधनांचे चित्र काय होते? २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणानुसार देशातील शहरी कुटुंबांपैकी ४२ टक्के आणि ग्रामीण कुटुंबांपैकी सुमारे १५ टक्के घरांत इंटरनेट होते. संगणक शहरात २३.४ टक्के, खेड्यात ४.४ टक्के घरांत. ‘असर’च्या २०२० च्या पाहणीत ग्रामीण भागातील ६१.८ टक्के शाळकरी मुलांच्या घरी स्मार्टफोन आढळला. दोन वर्षांपूर्वी हे प्रमाण ३६.५ टक्के होते. टाळेबंदीच्या काळात अनेक कुटुंबांनी पोटाला चिमटा काढून फोन घेतले, हे यातून दिसते.

१२/
पण घरात फोन असणे आणि मुलाच्या हातात फोन असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कारखान्यांची चाके पुन्हा फिरू लागली, तसा घरातील एकमेव फोन आईवडिलांपैकी कोणाच्या तरी खिशातून कामावर जाऊ लागला. सकाळी दहाची तासिका होती तेव्हा फोन चाकणला, मूल भोसरीत. कित्येक कुटुंबे गावी परतली होती. शाळा पिंपरीत आणि विद्यार्थी मराठवाड्यातील एखाद्या वाडीत, जेथे रेंजसाठी टेकाडावर चढावे लागे. सर्वेक्षणाच्या रकान्यात मात्र अशा प्रत्येक घरापुढे ‘फोन आहे’ अशीच नोंद.

१३/
‘असर’च्या त्याच अहवालातील आणखी एक आकडा माध्यमिक विद्यार्थ्यांच्या दृष्टीने फार बोलका आहे. पहिली-दुसरीच्या ८१.५ टक्के मुलांना अभ्यासात घरून मदत मिळत होती. नववी आणि त्यापुढील वर्गांत हे प्रमाण ६८.३ टक्क्यांवर आले. इयत्ता वाढते तसा अभ्यास कठीण होतो आणि मदत करणारा हात कमी होतो. मुळाक्षरे गिरवून घेणारी आई बीजगणिताच्या वर्गसमीकरणापाशी थांबते. घर ही शाळा झाली, तरी घरात शिक्षक नव्हता.

१४/
विषयही साथ देत नव्हते. भूमितीतील प्रमेयाची सिद्धता फळ्यावर पायरीपायरीने उभी राहते. पाच-सहा इंची पडद्यावर आकृती दिसते, पायऱ्या निसटतात. वर्गात शिक्षक बाकांमधून फिरतो आणि चुकलेल्या ओळीवर बोट ठेवतो. पडद्यावरच्या शिक्षकाला वही दिसत नाही. चूक दिसली नाही की ती दुरुस्त होत नाही, आणि दुरुस्त न झालेली चूक पुढच्या प्रकरणात जाऊन बसते.

१५/
मग यश कोठे आले? जेथे शिक्षकांनी थेट तासिकेचा हट्ट सोडून पाठ ध्वनिमुद्रित करून पाठवले, तेथे संध्याकाळी फोन घरी आल्यावरही शिकता आले. जेथे विद्यार्थी वहीच्या पानाचे छायाचित्र पाठवी आणि शिक्षक त्यावर खूण करून परत पाठवत, तेथे चूक पुन्हा दिसू लागली. जेथे शिक्षक आठवड्यातून एकदा साधा फोन करीत, तेथे मूल अभ्यासातून सुटले नाही. शेजारच्या चार मुलांचा एका ओट्यावरचा गट, थोरल्या बहिणीने घेतलेली उजळणी, छापील पुस्तक आणि ठरलेली वेळ, ही साधने जुनीच होती.

१६/
यांत दोन सूत्रे दिसतात. पहिले वेळेचे: शाळेने घराच्या घड्याळाशी जमवून घेतले पाहिजे. दुसरे उत्तराचे: मुलाने विचारलेल्या प्रश्नाला कोणीतरी उत्तर दिले पाहिजे. पहिले सूत्र १८५५ च्या रात्रशाळेचे, दुसरे १९३७ च्या शिकागोतील दूरध्वनीचे. अ‍ॅप, वाहिनी आणि संदेश यांची रेलचेल असूनही ही दोन सूत्रे जेथे हरवली, तेथे शिक्षण एकतर्फी प्रक्षेपण होऊन राहिले.

१७/
२३ नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावीचे वर्ग भरवण्यास राज्याने परवानगी दिली. अंतिम निर्णय स्थानिक प्रशासनावर सोपवला. मोठ्या शहरांतील शाळांना जानेवारी २०२१ ची वाट पाहावी लागली. वर्ग जेमतेम स्थिरावत होते तोच दुसरी लाट आली आणि शाळांना पुन्हा कुलूप लागले. २० एप्रिल २०२१ रोजी दहावीची परीक्षाच रद्द करण्याचा निर्णय झाला.

१८/
मूल्यमापनाचे सूत्र असे ठरले: नववीच्या निकालावरून ५०, दहावीच्या अंतर्गत मूल्यमापनाचे ३० आणि तोंडी-प्रात्यक्षिकाचे २० गुण. १६ जुलै २०२१ रोजी निकाल लागला, ९९.९५ टक्के. इतिहासाचा विरोधाभास पाहावा: घरून शिकलेल्या या तुकडीचे निम्मे गुण महामारीपूर्वीच्या नववीच्या वर्गातून आले होते, आणि त्या नववीचीही वार्षिक परीक्षा झालेली नव्हती. जवळजवळ सगळे उत्तीर्ण झाले. कोण किती शिकले, हे त्या आकड्याने सांगितले नाही.

१९/
या औद्योगिक पट्ट्यात तो प्रश्न केवळ शैक्षणिक नव्हता. येथे दहावीची गुणपत्रिका ही आयटीआयच्या दाराची किल्ली असते. फिटर, टर्नर, मशिनिस्ट अशा व्यवसायांना प्रवेशासाठी दहावी उत्तीर्ण असावे लागते, आणि तेथून शिकाऊ उमेदवारी, मग कारखान्याचे फाटक. गुणपत्रिका फाटकापर्यंत नेते. आत व्हर्नियरवरील माप वाचताना, कोन मोजताना, आराखडा समजून घेताना उपयोगी पडते ती भूमिती. ज्या मुलाची भूमिती पडद्यावर निसटली, त्याची उणीव निकालात दिसली नाही. ती पुढे यंत्रापुढे उभे राहिल्यावर त्यालाच जाणवणार होती.

२०/
ही तूट शासनालाही दिसत होती. १ जुलै २०२१ पासून दुसरी ते दहावीसाठी ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम सुरू झाला, मागील इयत्तेतील सुटलेले धागे जोडण्यासाठी. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी ग्रामीण भागात पाचवी ते बारावी आणि शहरी भागात आठवी ते बारावीचे वर्ग भरले. जानेवारी २०२२ मध्ये तिसऱ्या लाटेने ते पुन्हा काही काळ थांबले.

२१/
अखेर १५ मार्च २०२२ रोजी दहावीचे विद्यार्थी परीक्षेला प्रत्यक्ष बसले. ७५ टक्के अभ्यासक्रम, शक्यतो आपल्याच शाळेत केंद्र आणि लिहिण्यासाठी वाढीव वेळ: मोठ्या पेपरांना ३० मिनिटे, लहानांना १५. हा वाढीव वेळ बारकाईने पाहण्याजोगा आहे. दोन वर्षांत मुलांचा लिहिण्याचा सराव मोडला, हे परीक्षा मंडळाने त्या अर्ध्या तासातून मान्य केले. ही तुकडी नववी जवळजवळ पूर्ण घरून शिकली होती. १७ जूनला तिचा निकाल लागला, ९६.९४ टक्के. पुढच्या वर्षी पूर्ण अभ्यासक्रमावर झालेल्या परीक्षेत तो ९३.८३ टक्के झाला.

२२/
टक्केवारीच्या या तीन-चार आकड्यांवरून घरच्या शाळेचे यशापयश ठरवता येत नाही. प्रत्येक वर्षी मोजपट्टी वेगळी होती. त्या आकड्यांत परीक्षेचा अर्जच न भरलेले, गावी राहून गेलेले, कामाला लागलेले विद्यार्थी धरलेलेच नाहीत. इतिहासात जे मोजले जाते ते टिकते. म्हणून जे मोजले गेले नाही, त्याची नोंद अभ्यासकाने आवर्जून ठेवावी लागते.

२३/
२०२० ते २०२२ चा काळ आता शाळकरी आठवणींतून इतिहासात सरकत आहे. त्या वेळच्या वह्या, वर्गगटांतील संदेश, शिक्षकांनी हाताने लिहिलेली वेळापत्रके हे या काळाचे अस्सल दप्तर आहे. फोन बदलला की ते पुसले जाते. बालचित्रवाणी बंद झाली तेव्हा दूरशिक्षणाचा तीन दशकांचा अनुभव विखुरला आणि २०२० मध्ये पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. पाळीवर जाणाऱ्या घरातील मुलाला कोणत्या वेळी, कोणाच्या मदतीने शिकता आले, हे आज लिहून ठेवले, तर पुढच्या संकटात पिंपरी-चिंचवडच्या शाळांना तोच धडा पुन्हा नव्याने शिकावा लागणार नाही.