गिटहबचे हस्तांतर, 2018

गिटहबचे हस्तांतर, 2018 : संगणकाच्या आज्ञावल्या व त्यांच्या बदलांचा समग्र इतिहास जतन करणारा, आणि दूरदूरच्या डेव्हलपरांना एकाच कामावर एकत्र येऊ देणारा ‘गिटहब’ हा मंच अमेरिकेतील मायक्रोसॉफ्ट या कंपनीने विकत घेतल्याची घटना. व्यवहार 4 जून 2018 रोजी जाहीर झाला, किंमत 7.5 अब्ज डॉलर ठरली व ती मायक्रोसॉफ्टच्या समभागांच्या रूपाने द्यावयाची होती. युरोपीय आयोगाची मंजुरी मिळाल्यावर 26 ऑक्टोबर 2018 रोजी हस्तांतर पूर्ण झाले आणि नॅट फ्रीडमन यांच्याकडे मंचाचा कारभार सोपविण्यात आला.

पूर्वपीठिका : लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीच्या गाभ्याचे (कर्नलचे) काम 2002 पासून बदलांची नोंद ठेवणाऱ्या ‘बिटकीपर’ या खाजगी मालकीच्या साधनावर चालत असे. त्याच्या विनामूल्य वापराची मुभा मालक कंपनीने 2005 मध्ये काढून घेतली, तेव्हा लिनक्सचे जनक लिनस टोर्व्हाल्ड्स यांनी ‘गिट’ हे साधन स्वतःच रचले. परक्या मालकाच्या मर्जीवर विसंबण्याचा परिणाम अनुभवल्यामुळेच जे जन्मास आले, त्याच साधनाच्या आधारे 2008 मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे गिटहब उभे राहिले, आणि दहा वर्षांच्या आत सुमारे 2 कोटी 80 लाख डेव्हलपर व साडेआठ कोटी रिपॉझिटरी (आज्ञावल्यांची कोठारे) या एकाच खाजगी छपराखाली एकवटल्या.

चिंतेची कारणे : खरेदीची वार्ता येताच अनेकांनी आपले काम गिटलॅब या प्रतिस्पर्धी मंचावर हलविण्यास प्रारंभ केला, त्यामागे पूर्वानुभव होता. मायक्रोसॉफ्टचे तत्कालीन प्रमुख स्टीव्ह बामर यांनी 2001 मध्ये लिनक्सची तुलना कर्करोगाशी केली होती. त्या कंपनीने 2006 मध्ये स्थापिलेला कोडप्लेक्स हा मंच 2017 मध्ये बंद करण्यात आला होता. सोर्सफोर्ज हा असाच मंच 2012 मध्ये नव्या मालकाकडे गेल्यानंतर तेथून मिळणाऱ्या काही आज्ञावल्यांच्या इन्स्टॉलरमध्ये जाहिरातींचा अनाहूत भरणा झाला व 2015 मध्ये ‘गिंप’ या चित्रसंपादकाच्या निमित्ताने त्याचा बोभाटा झाला. गूगल कोड हा मंच तर गूगलनेच 2016 च्या आरंभी मिटविला. शिवाय मायक्रोसॉफ्टशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांचे गोपनीय दप्तरही आता मायक्रोसॉफ्टच्याच ताब्यातील कोठारात राहणार होते. मंच तटस्थ राहील काय, दर व नियम कोण ठरवील, आणि उद्या मालकास तो नकोसा झाल्यास दाद कोणाकडे मागावी, असे तीन प्रश्न त्यामुळे पुढे आले.

मालकीचे स्वरूप : मंच विकला गेला म्हणून त्यावरील आज्ञावल्या विकल्या जात नाहीत, लेखकाचा स्वामित्वहक्क व त्याने दिलेला परवाना अबाधित राहतो. गिटची ‘क्लोन’ ही आज्ञा दिली असता आज्ञावलीची पहिल्या दिवसापासूनची वंशावळ आपल्या यंत्रावर उतरते : प्रत्येक बदल, त्याचा कर्ता, त्याची वेळ, आणि मजकुरात एका अक्षराचाही फेर झाल्यास बदलणारी त्याची चाळीस अंकाक्षरी खूण. परंतु दोष नोंदविणाऱ्या तक्रारी, एखादा बदल स्वीकारावा की नाकारावा यावर झालेला वादविवाद, कोणास कोणते अधिकार आहेत याची व्यवस्था, आणि वर्षानुवर्षे जमलेला सहकाऱ्यांचा परिवार यांपैकी काहीही त्या प्रतीबरोबर येत नाही. कृती लेखकाची राहते, तिच्या भोवतीचा व्यवहार मात्र मंचाच्या स्वाधीन असतो. आणि चिंतेचे खरे मूळ येथे आहे.

पुढील घडामोडी : आरंभीची सर्व भीती खरी ठरली नाही. जानेवारी 2019 मध्ये खाजगी रिपॉझिटरी लहान गटांना विनामूल्य मिळू लागल्या, आणि एप्रिल 2020 मध्ये ही सवलत आणखी विस्तारली. उलट पक्षी, जुलै 2019 मध्ये अमेरिकी निर्बंधांमुळे इराण, सीरिया व क्रिमिया येथील डेव्हलपरांची खाती मर्यादित झाली. इराणपुरती सेवा देण्याची परवानगी जानेवारी 2021 मध्ये मिळविण्यात आली. ‘ॲटम’ हा गिटहबचा मजकूर-संपादक डिसेंबर 2022 मध्ये निवृत्त करण्यात आला. सर्वांत मोठा वाद 2021 मध्ये आलेल्या ‘कोपायलट’ या साहाय्यकाने ओढवला : मंचावरील सार्वजनिक आज्ञावल्यांवर शिकविलेले हे साधन मूळ लेखकांच्या परवान्यांतील अटी पाळते काय, या प्रश्नावर नोव्हेंबर 2022 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायालयात दावा दाखल झाला, व त्यातील बहुतेक मागण्या 2024 पर्यंत फेटाळल्या गेल्या. ऑगस्ट 2025 मध्ये मुख्याधिकारी थॉमस डोमके यांनी पद सोडण्याचे जाहीर केले, आणि गिटहब मायक्रोसॉफ्टच्या कृत्रिम बुद्धिमत्ता विभागाच्या अंमलाखाली गेले.

भारतातील संदर्भ : भारत हा गिटहबवरील डेव्हलपरांच्या संख्येत अमेरिकेखालोखाल गणला जातो. एकाच द्वारावर विसंबण्याचा धोका येथे हस्तांतरापूर्वीच दिसला होता : डिसेंबर 2014 मध्ये दहशतवादी मजकुराच्या कारणावरून दूरसंचार विभागाने अडविलेल्या 32 संकेतस्थळांत गिटहबचाही समावेश होता.

काशीचा पूर्वदाखला : संग्रह व त्याचा स्वामी यांचा संबंध किती नाजूक असतो, याचा बोधप्रद दाखला वाराणसीच्या विद्यापरंपरेत सापडतो. गोदातीराहून काशीस येऊन राहिलेले सतराव्या शतकातील संन्यासी कवींद्राचार्य सरस्वती यांनी शहाजहान बादशहाकडे रदबदली करून काशी व प्रयाग येथील यात्राकर माफ करविला. त्यांचा पोथीसंग्रह त्या काळी अग्रगण्य होता. त्यांच्या पश्चात तो विखुरला. त्यांचे नाव लिहिलेल्या पोथ्या बिकानेरच्या अनूप संस्कृत ग्रंथालयापर्यंत पोहोचल्या, आणि संग्रहाची जी सूची उरली ती 1921 मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत छापली गेली. त्या सूचीतील कित्येक ग्रंथ आज केवळ नावाने उरले आहेत. ज्यांच्या नकला इतरत्र झाल्या होत्या, ते मात्र संग्रह फुटला तरी वाचले.

मूल्यमापन : मायक्रोसॉफ्टचा हेतू चांगला की वाईट, या वादाने मूळ प्रश्न सुटत नाही; कारण आजचा सदिच्छ मालक उद्या बदलू शकतो आणि त्याच्यावर चालणारा कायदा त्याच्याही हाती नसतो. बर्लिन येथील कोडबर्ग या ना-नफा संस्थेसारखे सभासदांच्या मालकीचे मंच, तसेच आज्ञावल्यांचा जागतिक संग्रह करणारा, 2016 मध्ये फ्रान्सच्या इन्रिया संस्थेने आरंभिलेला ‘सॉफ्टवेअर हेरिटेज’ हा उपक्रम, हे या परावलंबनावरील दोन उपाय होत. सर्वांनी गिटहब सोडावे असा याचा अर्थ नव्हे. परंतु आपल्या आज्ञावलीची अद्ययावत प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवणे, तक्रारी व चर्चा यांची निर्यात वेळोवेळी करून घेणे, आणि परवाना स्पष्ट शब्दांत लिहून ठेवणे, ही तीन कामे विद्यार्थ्यापासून सरकारी खात्यापर्यंत प्रत्येकाने मंचाच्या मालकाकडे न पाहता स्वतःची जबाबदारी म्हणून केली पाहिजेत.