दुसरा रस्सा

माझी आजी आयुष्यात कधी हॉटेलची पायरी चढली नाही. तरी नाशिकच्या मिसळीची तिच्याइतकी पक्की पारख मी दुसऱ्या कुणाकडे पाहिलेली नाही.

रविवारी सकाळी माझे वडील, नाना, गंगेवर अंघोळीला जायचे. अस्सल नाशिककराला गोदावरी म्हणजे गंगाच. 'गोदावरीवर जाऊन येतो' म्हणणारा माणूस बाहेरगावचा समजावा. परत येताना त्यांच्या एका हातात ओला पंचा आणि दुसऱ्या हातात जर्मनची किटली असायची. किटलीत रस्सा, खांद्यावरच्या पिशवीत मटकी, शेव आणि पाव. किटली वाड्याच्या दिंडीतून आत येते न येते तोच माजघरातून आजीचा आवाज यायचा, "खोबरं करपलंय रे आज." कधी म्हणायची, "नेहमीच्या ठिकाणचा नाही हा. कुठून आणलास?" झाकण अजून उघडलेलंही नसायचं. किटलीच्या तोटीतून येणाऱ्या वासावर बाई निकाल द्यायची, आणि नाना चोरी पकडल्यासारखे हसायचे.

ती किटली स्वयंपाकघरात मात्र जात नसे. हॉटेलचं खाणं ओसरीवरच खायचं. त्याची भांडी वेगळ्या फळीवर असत, खाऊन झालं की हातपाय धुवूनच आत यायचं. आजी उंबऱ्याच्या आत, आम्ही बाहेर. तिने चव कधी घेतली नाही. घेतली असेल तर मला माहीत नाही.

लहानपणी ही मला आजीची खोड वाटायची. पुढे शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला, तेव्हा लक्षात आलं की ती खोड एकट्या आजीची नव्हती, गावाची होती. नाशिक हे शतकानुशतकं परगावच्या माणसांना जेवू घालणारं गाव. दर १२ वर्षांनी सिंहस्थ, एरवीही बारमाही यात्रेकरू. पण हे जेवू घालणं विक्रीचं नव्हतं. यात्रेकरू आपल्या तीर्थोपाध्यायाच्या घरी उतरत, उपाध्ये वह्या काढून त्यांच्या आजा-पणजाची नावं वाचून दाखवत, आणि जेवण तिथेच, नाहीतर अन्नछत्रात, नाहीतर घाटावर तीन दगडांची चूल मांडून. पैसे मोजून परक्याच्या हातचं, कोण शेजारी बसलंय ते न विचारता खायचं, ही कल्पनाच मानवणारी नव्हती. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांसारख्यांवर ग्रामण्य ओढवलं. एका कप चहाने पुणं हादरत होतं, तिथे आमचं क्षेत्राचं गाव काय मागे राहणार!

हे सगळं ढिलं केलं ते आगगाडीने. रेल्वेचं स्टेशन गावापासून आठ-नऊ किलोमीटर लांब, नाशिकरोडला. तिथून गावात यायला १८८९ च्या सुमारास घोड्यांची ट्राम सुरू झाली. मेन रोडपासून स्टेशनपर्यंत रुळांवरून घोडे डबे ओढत. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ती बंद पडली. नाशिकमध्ये ट्राम होती हे आज सांगितलं तर नवी पोरं हसतात. पण गाडीच्या वेळा आल्या, ट्रामच्या वेळा आल्या, की भुकेच्याही वेळा येतात. चूल मांडायला फुरसत नसलेला माणूस स्टेशनात, कचेरीत, कोर्टात दिसू लागला आणि त्याच्यासाठी चहा, भजी, उसळ-पाव तयार ठेवणारा माणूसही दिसू लागला. मराठीत त्या दोन बाकांच्या आणि एका भट्टीच्या जागेलाही आपण 'हॉटेल' म्हणायला लागलो, ते आजतागायत.

उसळीवर शेव-फरसाण पडलं, वर कांदा आला आणि मिसळ झाली. ती नेमकी कधी, कुणी केली या वादात मी पडत नाही. तसले दावे गावोगावी आहेत. नाशिकची मिसळ वेगळी कशाने, एवढं मात्र सांगता येतं. कोल्हापूरकर ज्याला कट म्हणतात, पुणेकर सँपल म्हणतात, त्याला आम्ही साधं रस्सा म्हणतो. आमचा रस्सा काळ्या मसाल्याचा. नाशिक देशावर असलं तरी खानदेश अंगणापलीकडे आहे, आणि काळा मसाला ही त्या शेजाराची देणगी. कांदा-खोबरं कोरडं भाजायचं, ते काळपट तपकिरी होईपर्यंत. त्यात धने, दगडफूल, लवंग, तमालपत्र. भाजणं आणि करपणं यांत अर्ध्या मिनिटाचं अंतर असतं, आणि आजी ते अंतर ओसरीपलीकडून ओळखायची. वाटण तेलात परतताना कडेने तेल सुटलं पाहिजे, मग वरून उकळतंच पाणी घालायचं. गार पाणी घातलं की तर्री बसते ती बसतेच. पुण्याच्या मिसळीत पोहे, बटाट्याची भाजी असं काहीबाही तळाशी सापडतं. आमच्याकडे मटकी, शेव, कांदा, कोथिंबीर, लिंबू, बरोबर पाव, आणि बाजूला पापड व दह्याची वाटी. पापड चुरून रश्शात टाकायचा की वेगळा खायचा, यावरून घरात दोन पक्ष असतात.

नाना नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यात होते. १९२५ च्या सुमारास तिथे सरकारी प्रेस आली, १९२८ मध्ये नोटांचा छापखाना सुरू झाला, आणि क्षेत्राच्या गावाला पहिल्यांदा घड्याळाच्या भोंग्यावर चालणारा कामगार मिळाला. नाना सायकलने जात. त्यांच्या सेक्शनला एक गृहस्थ होते, त्यांना आम्ही काकाच म्हणायचो. काकांचे वडील काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात होते. २ मार्च १९३० ला बाबासाहेब आंबेडकर आणि भाऊराव गायकवाड यांनी सुरू केलेला तो लढा पुढे काही वर्षं चालला; मंदिराचं दार उघडलं नाही, आणि १९३५ च्या ऑक्टोबरात आमच्याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. हे मी वर्गात शिकवायचे. पण धड्यात नसलेली गोष्ट काकांनी आमच्या ओसरीवर सांगितली. त्यांचे वडील ज्या हॉटेलात जात, तिथे बाहेरच्या कोनाड्यात त्यांच्यासाठी वेगळी कपबशी असे. पिऊन झाल्यावर आपणच विसळून उपडी ठेवायची. उसळ हवी असली तर पानावर, आणि रस्सा वरून, हाताला हात लागणार नाही इतक्या उंचीवरून ओतला जाई.

"निम्मा पानाबाहेर सांडायचा," काका म्हणाले. "आणि दुसऱ्यांदा मागायची सोय नव्हती. पडला तेवढा आपला."

म्हणून काकांची मिसळ पारखायची रीत वेगळी होती. ते पहिल्या घासावर काही बोलत नसत. "पहिला रस्सा हॉटेलवाला दाखवायला देतो. दुसरा मागा, मग कळतं." दुसरा रस्सा पातळ आला, कोमट आला, तर्री पातेल्यातच ठेवून खालचं पाणी आलं, की ते हॉटेल त्यांच्या लेखी संपलं. पोऱ्याने न कुरकुरता, वाफा निघणारा, पहिल्यासारखाच लालकाळा रस्सा आणला, तर मग ते मिठाबद्दल, मटकीबद्दल बोलायला लागत. मटकी दाताला लागली पाहिजे पण टचकन फुटली पाहिजे. शेव रश्शात पडल्यावर तीन घास तरी टिकली पाहिजे. तिखट जिभेला लागावं, घशाला नाही. आणि दुपारी चार वाजता पोटाने तक्रार केली तर सकाळचे सगळे गुण रद्द. ही परीक्षा नानांनी उचलली, नानांकडून मी.

राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं असे शब्द आहेत. तिथे कुणालाही जात, धर्म, लिंग यांवरून अडवता येणार नाही, असं लिहिलंय. एवढ्या मोठ्या ग्रंथात हॉटेलचं नाव कशाला घातलं असेल, असं मुलं विचारायची. मी त्यांना कोनाड्यातल्या कपबशीची गोष्ट सांगायचे.

त्या कलमात 'लिंग' हाही शब्द आहे, हे मला जरा उशिरा जाणवलं. बायकांना हॉटेलात बंदी नव्हती, पण बायका जात नसत. गेल्याच तर 'फॅमिली रूम'मध्ये. मी बारा-तेरा वर्षांची असेन. आजी बहिणीकडे यात्रेला गेली होती, तो मुहूर्त साधून नानांनी आईला आणि मला गावातल्या एका हॉटेलात नेलं. आत डावीकडे फळ्यांचा आडोसा करून दोन टेबलांची खोली केलेली, दाराला मळकट हिरवा पडदा, वर पाटी. पोऱ्या पडद्याबाहेर थांबून आधी खाकरायचा, मग ताटली आत सरकवायचा. आई पदर सावरून खात होती. डोळ्यांत पाणी, नाक लाल, चेहऱ्यावर असा आनंद मी सणावारालाही पाहिला नव्हता. रस्सा संपला. आईला आणखी हवा होता. ती नानांकडे बघून हळूच म्हणाली, "आणखी मिळतो का हो?" नाना उठून पडद्याबाहेर गेले, गल्ल्यावर सांगून आले. आईने आयुष्यातला पहिला दुसरा रस्सा असा वशिल्याने मिळवला. तो मिळाल्यावर मात्र एक चमचा पिऊन तिने शांतपणे सांगितलं, "यात पाणी घातलंय." मी आजीकडून वास शिकले असेन, पण तोंडावर निकाल देणं आईकडून शिकले.

गाव वाढलं तशी मिसळ सरकत गेली. जुन्या गावात भगवंतराव, नदीपलीकडे पंचवटी कारंज्यावर अंबिका, अशी नावं आमच्या पिढीच्या तोंडी बसलेली. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं, सातपूरला कारखाने आले, पुढे मायकोसारखी मोठी कंपनी आली. पाळ्या सुरू झाल्या. रात्रपाळी संपवून निघालेल्या माणसाला सकाळी सातला गरम, तिखट आणि पोटभरीचं काहीतरी लागतं. सातपूरच्या श्यामसुंदरचं नाव गावभर झालं ते याच काळाच्या जोरावर. क्षेत्राच्या गावातली मिसळ अंघोळीनंतरची होती, सातपूरची पाळीनंतरची. माझे यजमान कारखान्यात होते. पहिल्या पगाराच्या दिवशी मित्रांना मिसळ, मुलगा झाला तर मिसळ, संप मिटला तर मिसळ. पेढे नंतर.

आणि आता ती मळ्यात गेली आहे. गंगापूर-सातपूर लिंक रोडवरच्या साधनाने चुलीवरची मिसळ आणली आणि बघता बघता मखमलाबाद, गंगापूर रस्त्यांवर द्राक्षांच्या बागांशेजारी मिसळीची हॉटेलं उभी राहिली. झोपाळे, बैलगाडी, ससे, पार्किंगला शिट्ट्या मारणारा माणूस, माइकवर पुकारलेले टोकन नंबर. ज्या चुलीपासून आजीने हॉटेलचा रस्सा आयुष्यभर लांब ठेवला, त्या चुलीचंच नाव पाटीवर मोठ्या अक्षरांत. मिसळीबरोबर जिलेबी किंवा गुलाबजामही येतो. जुने लोक नाकं मुरडतात. मी नाही मुरडत. रविवारी सकाळी तिथे बघावं: सासू, सून, नणंद, नात, अख्ख्या भिशीच्या बायका, पुरुषमाणूस बरोबर नाही, आणि सगळ्या मोठ्याने ओरडून रस्सा मागवतायत. एवढं एक दृश्य आईने बघायला हवं होतं.

मागच्या महिन्यात नातीला घेऊन अशाच एका ठिकाणी गेले. ती पुण्याला शिकते, मिसळीला तारे देते. पहिला घास घेताच फोन काढून म्हणाली, "आजी, किती देऊ? चार?"

म्हटलं, "थांब. दुसरा रस्सा येऊ दे."

तो आला. कोमट होता, वर तर्रीचा पत्ता नाही. मी पोऱ्याला परत पाठवलं. तो मुकाट्याने गेला आणि वाफाळता रस्सा घेऊन आला. नातीने अडीच तारे दिले. मला ते जरा जास्तच वाटले.

परतताना तिला जुनं गाव दाखवायला नेलं. आई जिथे जेवली होती ते हॉटेल अजून आहे. फळ्यांचा आडोसाही आहे, पडदा नाही. आत कांद्याची पोती आणि शेवेचे डबे रचलेले. दारावरची पाटी कुणी काढलेली नाही. नातीने ती वाचली आणि विचारलं, "फॅमिली रूम? आत एसी आहे का गं?"

मी गल्ल्यावरच्या मालकाकडे बघितलं, मालकाने माझ्याकडे. तोही साठीचाच होता. हसला, आणि पोऱ्याला म्हणाला, "दोन मिसळ. बाहेरच लाव."

पोट भरलेलं होतं. तरी बसलो.