शिकाऱ्याची गोळी

बंदुकीचा इतिहास सांगतांना नळी, घोडा आणि दस्ता यांचें वर्णन सविस्तर होतें, आणि गोळीच्या वांट्यास एखादें वाक्य येतें. हें न्यायाचें नाहीं. बंदूक शिकाऱ्याच्या हातांतच राहते. जनावरापर्यंत पोंचते ती गोळी. जनावर क्षणांत मरेल कीं जखम घेऊन दोन दिवस रानांत तडफडेल, हें नेम आणि गोळी हीं दोन मिळून ठरवितात. आपल्या देशांत १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा व त्याची १९९१ ची दुरुस्ती यांनीं शौकाच्या शिकारीचें दार बंद केलें आहे. तेव्हां हा लेख आम्ही शिकाऱ्यांकरितां लिहीत नाहीं. एका लहानशा वस्तूच्या निवडींत मनुष्याची जबाबदारी कशी गुंतलेली असते, एवढेंच आम्हांस वाचकांपुढें मांडावयाचें आहे.

काडतुसाचीं अंगें चार : पितळेची पुंगळी, तिच्या बुडाची टोपी, आंतली दारू आणि तोंडाशीं बसविलेली गोळी. बार झाल्यावर पुंगळी शिकाऱ्याजवळच उरते. ती साफ करून, नवी टोपी व दारू घालून पुनः भरतां येते. घरीं काडतुसें भरण्याचा हा उद्योग इंग्लंड-अमेरिकेंत एकोणिसाव्या शतकापासून चालत आला आहे. पुंगळी अनेकदां कामास येते. गोळी मात्र दर बारास नवी लागते. म्हणून असल्या गृहस्थापुढें दोन प्रश्न सदैव उभे असतात : कोणती गोळी निवडावी, आणि निवडलेली गोळी मिळवावी कोठून? पहिला प्रश्न विवेकाचा, दुसरा बाजाराचा. आणि या दोहोंचें नेहमींच जुळतें असें नाहीं.

काळ्या दारूच्या काळीं पहिला प्रश्न त्या मानानें सोपा होता. मऊ शिशाची जड गोळी मंद गतीनें जाई आणि लागतांच पसरे. १८८४ सालीं फ्रान्सांत पॉल व्हिएल यानें धूर न करणारी दारू सिद्ध केली. १८८६ च्या लेबेल रायफलींत ती प्रथम वापरांत आली. वेग वाढला, तसें उघडें शिसें नळीच्या पेचदार खांचांत टिकेनासें झालें. यावर धातूचें वेष्टण हा उपाय होता, आणि स्वित्झर्लंडच्या एडुआर्ड रूबिन यानें तो थोडा आधींच शोधून ठेविला होता. परंतु वेष्टणानें दुसरीच अडचण उभी केली. पूर्ण झांकलेली गोळी देहांतून सुईसारखी आरपार निघून जाऊं लागली.

या अडचणीचें एक उत्तर आपल्याच देशांत निघालें. कलकत्त्याजवळील दमदम येथील सरकारी कारखान्यांत कॅप्टन बर्टी-क्ले या अधिकाऱ्यानें १८९० नंतरच्या दशकांत लष्करी गोळीचें टोंक वेष्टणाबाहेर उघडें ठेविलें. आंतील शिसें लागतांच पसरूं लागलें, आणि 'दमदम' हें गांवाचें नांव जगभर गोळीचें नांव झालें. १८९९ च्या हेग येथील परिषदेनें अशा पसरणाऱ्या गोळ्या युद्धांत वापरूं नयेत असें जाहीर केलें. आतां याच्या उलट पाहा. इंग्लंडांत हरणावर झाडावयाची गोळी पसरणारीच असली पाहिजे, असा कायदा आहे. माणसाच्या बाबतींत जी क्रूरता ठरली, तीच जनावराच्या बाबतींत दया ठरली! यांत विसंगति दिसते, पण ती वरवरची आहे. शत्रु निकामी झाला म्हणजे युद्धाचें काम भागतें. शिकारींत जनावर जखमी होऊन निसटणें यासारखें दुसरें पाप नाहीं.

तथापि केवळ पसरणें पुरत नाहीं. गोळी फार मऊ असली तर ती खांद्याच्या हाडावर फुटून वरवरची भयंकर जखम करते आणि काळजापर्यंत पोंचत नाहीं. पसरणें आणि अभंग राहणें हे परस्परविरोधी गुण एकाच गोळींत हवे असतात. मध्यम व्यासाच्या, म्हणजे साधारण .३३ ते .३७५ इंचांच्या रायफली मोठ्या व दणकट जनावरांकरितां वापरल्या जात. त्यामुळें तेथें हा विरोध विशेष तीव्र झाला.

शिवाय नांवांचा घोळ होता. कांहीं कारखानदार खांचांमधील उंचवट्यांच्या मापावरून नांव देत, कांहीं गोळीच्या खऱ्या व्यासावरून. वेस्टली रिचर्ड्स यांच्या .३१८ रायफलीची गोळी प्रत्यक्षांत .३३० इंचांची होती, जेफ्री यांच्या.३३३ ची मात्र नांवाप्रमाणेंच होती. हॉलंड यांची १९१२ ची .३७५ ही नांवाशीं प्रामाणिक राहिली, आणि तिच्या गोळ्या आजही सर्वत्र मिळतात. नांवावर विसंबून गोळ्या मागविणारा मात्र हमखास फसे.

अमेरिकेंत एल्मर कीथ हा जड गोळीचा कट्टा पुरस्कर्ता होता. व्यासाच्या मानानें लांब व जड असलेली गोळी खोल जाते, हें त्याचें म्हणणें. त्यानें ओनील व हॉपकिन्स या स्नेह्यांसह .३०-०६ च्या पुंगळीचें तोंड रुंदावून तींत जेफ्रीची .३३३ गोळी बसविली. तिघांच्या आद्याक्षरांवरून ती रचना 'ओ. के. एच्.' या नांवानें ओळखली जाते. हव्या त्या वजनाची गोळी याच मापांत मिळत होती, हें त्या निवडीचें एक मोठें कारण होतें. पुढें दुसऱ्या महायुद्धांत गोळ्यांचा दुष्काळ पडला. तेव्हां हौशी लोक .२२ च्या रिकाम्या पुंगळ्या दाबून त्यांचीं लहान गोळ्यांकरितां वेष्टणें करूं लागले. कॅलिफोर्नियांतील फ्रेड हंटिंग्टन याचा पुढें नांवारूपास आलेला अवजारांचा कारखाना याच कामाच्या साच्यांतून निघाला.

युद्ध संपल्यावर १९४६ सालीं जॉन नॉस्लर हा गृहस्थ कॅनडांत मूस या अजस्र हरणाच्या शिकारीस गेला. चिखलानें माखलेल्या त्याच्या कातड्यावर वेगवान गोळ्या फुटल्या, पण आंत शिरल्या नाहींत. परत आल्यावर त्यानें वेष्टणाच्या मधोमध तांब्याचा पडदा असलेली गोळी बनविली : पुढचा भाग पसरावा, मागचा अभंग राहावा. १९४८ पासून ती विकूं लागला. बाजारांत योग्य गोळी नाहीं म्हणून त्यानें अयोग्य गोळी पुनः भरली नाहीं, ही गोष्ट आम्हांस त्या शोधाइतकीच महत्त्वाची वाटते.

.३३३ चें नशीब मात्र फिरलें. १९५८ सालीं विंचेस्टर कंपनीनें नवें काडतूस काढलें, तें .३३८ इंचांचें. फरक अवघा पांच सहस्रांश इंच! पण मोठी गोळी लहान नळींत झाडणें धोक्याचें, आणि लहान गोळी मोठ्या नळीच्या खांचांत नीट धरत नाहीं. कारखाने खपाच्या मापाकडे वळले आणि उत्तम स्थितींतल्या जुन्या रायफली गोळीवांचून पोरक्या झाल्या. कोणी .३३८ च्या गोळ्या साच्यांतून दाबून बारीक केल्या, कोणी नळीच बदलली, कोणी लहान कारागिरांकडून थोड्या थोड्या गोळ्या करवून घेतल्या.

आतां या प्रश्नास आणखी एक बाजू आली आहे. शिकाऱ्यानें रानांत टाकलेल्या आंतड्यांतील शिशाचे कण खाऊन कॅलिफोर्नियांतील काँडर हीं गिधाडें विषबाधेनें मरूं लागलीं. तेथें १ जुलै २०१९ पासून शिकारींत शिशाच्या गोळीस पूर्ण बंदी आहे. निव्वळ तांब्याची पसरणारी गोळी १९८९ पासून बाजारांत आहे. परंतु तांबें शिशाहून हलकें, म्हणून तितक्याच वजनाची गोळी लांब होते, आणि जुन्या नळीचा पेच मंद असल्यास ती हवेंत डगमगते. म्हणजे पुनः तोच शोध. गोळी आतां एका जनावरास लवकर मारून भागत नाहीं. मागून येणाऱ्या पक्ष्यासही तिनें मारतां कामा नये.

कोणी म्हणेल, जनावर मारावयाचेंच तर हा सूक्ष्म विचार कशास? आमचें म्हणणें उलट आहे. मारण्याचा अधिकार ज्यानें हातीं घेतला, त्यास 'मिळालें तें भरलें' असें म्हणण्याचा अधिकार उरत नाहीं. बाजारांत योग्य गोळी नसेल तर ती घडवावी. घडवितां येत नसेल तर रायफल भिंतीवर टांगून ठेवावी.