सहा महिन्यांचा बंदिवास: इंग्लंडच्या एका नियमाचा इतिहास

नोकरीच्या अगर शिक्षणाच्या निमित्तानें विलायतेस बिऱ्हाड हलविणारीं मराठी कुटुंबें आतां गांवोगांवीं आढळतात. भांडींकुंडीं विकतां येतात, पुस्तकें नातलगांकडे ठेवतां येतात. परंतु घरांत वाढलेलें कुत्रें अगर मांजर मागें टाकून जाण्यास पुष्कळांचें मन धजत नाहीं. तें बरोबर न्यावयाचें ठरलें म्हणजे नियमांची एक लांबलचक माळ पुढें येते. आधीं जनावराच्या कातडीखालीं ओळखीची चिप बसवावयाची. मग रेबीजची, म्हणजे पिसाळरोगाची, लस टोंचावयाची. लस टोंचल्यावर निदान ३० दिवस थांबून रक्त काढावयाचें व तें मान्यताप्राप्त प्रयोगशाळेंत तपासून घ्यावयाचें. आणि निकाल चांगला आला तरीही रक्त काढल्या दिवसापासून तीन महिने लोटल्यावांचून त्यास ब्रिटनमध्यें न्यावयाचें नाहीं. घरचा निरोगी, गुणी कुत्रा. त्याला एवढा जाच कशासाठीं, असें मुलें विचारतात, आणि वडीलमाणसांसही त्याचें उत्तर सांपडत नाहीं.

हा नियम कोणा अधिकाऱ्याच्या लहरींतून निघालेला नाहीं. त्याच्यामागें सव्वाशेंहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यांत माणसांचीं भांडणें, जनावरांचे हाल व शास्त्राची प्रगति या तिन्हींचा वांटा आहे. तो इतिहास ठाऊक असला म्हणजे नियमाविषयींचा राग कमी होतो, आणि तो पाळतांना कोठें चुकतां कामा नये हेंही नीट कळतें. म्हणून तो येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पिसाळलेल्या जनावराच्या दंशाचें भय आपल्या देशास फार प्राचीन काळापासून ठाऊक आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानांत पिसाळलेल्या कुत्र्याचें वर्णन आहे, आणि दंश झालेला मनुष्य पाण्याला भिऊं लागला म्हणजे तो वांचत नाहीं, असा निर्वाळाही तेथें दिलेला आहे. आजचें वैद्यकही या बाबतींत फारसें पुढें गेलेलें नाहीं. दंशानंतर वेळींच लस घेतली तर रोग टळतो. लक्षणें दिसूं लागल्यावर मात्र उपाय जवळजवळ नाहींच. या रोगाचा दुसरा विशेष असा कीं, शरीरांत शिरल्यावर तो बहुधा कांहीं आठवडे ते कांहीं महिने निद्रिस्त राहतो. त्या अवधींत कुत्रा खातो, खेळतो, शेंपटी हालवितो. त्याच्या अंगांत रोग शिरला आहे कीं नाहीं हें त्याच्याकडे पाहून कोणत्याही पशुवैद्यास सांगतां येत नाहीं. तें काळच सांगतो. विलायती नियमाचें सगळें मूळ या एका गोष्टींत आहे.

संशयितास दूर ठेवून वाट पाहण्याची युक्ति जुनी आहे. रागुसा, म्हणजे आजचें दुब्रोव्निक, या बंदरानें १३७७ सालीं प्लेगच्या भयानें रोगट मुलखांतून येणाऱ्यांस तीस दिवस शहराबाहेर ठेवण्याचा ठराव केला. पुढें ही मुदत चाळीस दिवसांची झाली, आणि चाळीस या अर्थाच्या इटालियन शब्दावरून ‘क्वारंटाइन’ हें नांव रूढ झालें. परंतु रेबीजचा निकाल चाळीस दिवसांत लागत नाहीं. कुत्र्यांस याहून कितीतरी अधिक काळ कोंडून ठेवण्याचा विचार निघाला तो यामुळेंच.

एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडच्या रस्त्यांतूनही पिसाळलेले कुत्रे फिरत होते. लुई पाश्चर यानें ६ जुलै १८८५ रोजीं जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलास आपली लस टोंचण्यास आरंभ केला, आणि लवकरच देशोदेशींचे दंश झालेले रोगी पॅरिसकडे धांव घेऊं लागले. हिंदुस्थानांतूनही कांहीं रोग्यांस समुद्रमार्गें तेथवर पाठवावें लागे. १९०० सालीं कसौली येथें पाश्चर इन्स्टिट्यूट निघाल्यावर ती यातायात वांचली. पण दंश झालेला मनुष्य वांचविणें हें लसीचें काम; दंशच होऊं नये हें पाहणें राज्यकर्त्यांचें. त्यासाठीं इंग्लंडांत उपाय निघाला तो मुसक्यांचा. १८८७ सालच्या हुकुमानें स्थानिक अधिकाऱ्यांस कुत्र्यांचीं तोंडें बांधविण्याची सत्ता मिळाली. परंतु एका परगण्यांत मुसकें आणि शेजारच्या परगण्यांत मोकळीक, असा प्रकार झाल्यावर रोग आटोक्यांत यावा कसा?

१८९५ सालीं वॉल्टर लाँग हे शेतकी मंडळाचे अध्यक्ष झाले व त्यांनीं हा कारभार मध्यवर्ती सरकारच्या हातीं घेतला. मुसक्यांची सक्ति कडक झाली, आणि १८९७ सालीं परदेशांतून येणाऱ्या कुत्र्यांवर परवान्याचें व अटकावाचें बंधन पडलें. श्वानप्रेमी लोक खवळले. कुत्र्यांच्या कैवारासाठीं १८९१ सालींच तेथें एक राष्ट्रीय संघ स्थापन झाला होता; त्यानें व इतरांनीं मुसक्यांविरुद्ध मोठी ओरड केली. लाँगसाहेब मात्र हटले नाहींत, आणि १९०२ सालापर्यंत ब्रिटनमधून रेबीज नाहींसा झाला.

१८९७ हें साल महाराष्ट्रास वेगळ्याच कारणानें आठवतें. त्याच वर्षीं पुण्यांत प्लेगच्या बंदोबस्तासाठीं गोरे शिपाई घरोघर शिरत होते आणि रोग्यांस व त्यांच्या आप्तांस छावण्यांत नेत होते. त्यांतूनच २२ जूनच्या रात्रीं रँडसाहेबावर गोळी झाडली गेली, आणि पुढें लोकमान्य टिळकांस राजद्रोहाच्या खटल्यांत १८ महिन्यांची शिक्षा झाली. माणसांच्या त्या विटंबनेची कुत्र्यांच्या मुसक्यांशीं बरोबरी करण्याचा वेडेपणा आम्ही करणार नाहीं. परंतु दोन्हीं ठिकाणीं सरकार एकच होतें, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. विलायतेंत कुत्र्याच्या धन्याची तक्रार मंत्र्यास भर सभेंत ऐकून घ्यावी लागे. येथें माणसांची तक्रार मांडणें हाच गुन्हा ठरत होता. क्वारंटाइनचा नियम शास्त्रास धरून आहे एवढें पुरत नाहीं. ज्यांवर तो लादावयाचा त्यांस तो समजावूनही सांगावा लागतो.

रोग गेला, पण भीति राहिली, आणि ती खरी होती. नव्या शतकाच्या आरंभीं बाहेरून येणाऱ्या कुत्र्यांचा बंदिवास सहा महिन्यांचा ठरला. १९१८ सालीं महायुद्धाहून परतणाऱ्या शिपायांनीं खंदकांतील आपले सोबती कुत्रे चोरून बरोबर आणले, आणि त्यांच्याबरोबर रेबीज पुन्हां इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागांत शिरला. मृत्यूच्या दाढेंत ज्यानें सोबत केली त्यास सोडून येणें शिपायाच्या जिवावर आलें असावें, हें आम्हांस समजतें. पण त्या प्रेमाची किंमत हजारों परक्या कुत्र्यांनीं व त्यांच्या धन्यांनीं दिली. पुन्हां मुसकीं आलीं, हिंडण्याफिरण्यावर बंधनें आलीं, आणि १९२२ सालीं रोग पुनरपि नाहींसा झाला. यापुढें कुत्र्यांच्या जोडीस मांजरांसही हा नियम लागूं झाला.

सहा महिने हा शब्द उच्चारण्यास सोपा आहे. एका कोंडवाड्यांतील खोलीवजा पिंजरा, समोर थोडी मोकळी जागा, आणि ठराविक वेळीं धन्याची भेट. तीही धनी जवळपास राहत असेल तर. सगळा खर्च धन्यानेंच सोसावयाचा. थकलेल्या, म्हाताऱ्या जनावरास हा काळ संपण्याची खात्री नसे. ज्यांस पैशाची ददात नव्हती त्यांनीं निराळ्या वाटा शोधल्या. १९६८ सालीं एलिझाबेथ टेलर व रिचर्ड बर्टन या नटदांपत्यानें आपल्या कुत्र्यांसाठीं एक नौकाच भाड्यानें घेऊन ती लंडन येथें टेम्स नदींत उभी केली. कुत्र्यांनीं इंग्लंडच्या भूमीस पाय लावला नाहीं, म्हणून कायदाही मोडला नाहीं!

परंतु पुढच्याच वर्षीं हंसणाऱ्यांचीं तोंडें बंद झालीं. १९६९ सालीं कँबर्ली गांवीं जर्मनीहून आलेला एक कुत्रा सहा महिन्यांचा बंदिवास रीतसर भोगून सुटला आणि सुटल्यावर थोड्याच दिवसांत पिसाळला. आसपासच्या रानांतील कोल्हे व इतर प्राणी बंदुकीनें टिपण्यांत आले. १९७० सालीं न्यूमार्केट येथेंही क्वारंटाइनमधून सुटलेलाच एक कुत्रा पिसाळला. वॉटरहाउस समितीनें सर्व प्रश्न तपासून १९७१ सालीं अहवाल दिला. सहा महिन्यांची मुदत कायम राहिली, तिला लसीची जोड मिळाली, आणि १९७४ सालीं नवा रेबीज कायदा झाला. इंग्लंडच्या बंदरांवर भयंकर चित्रांचीं जाहीरपत्रकें लागलीं.

अशा रीतीनें नियम दृढ होत असतांनाच त्याचा पाया मात्र हळूहळू बदलत होता. जपानमध्यें उमेनो व दोई या शास्त्रज्ञांनीं १९२१ सालींच कुत्र्यांस रोगापूर्वीं टोंचण्याच्या लसीचे मोठ्या प्रमाणावर प्रयोग केले होते. पुढें लसी अधिक चांगल्या झाल्या, आणि लसीचा गुण रक्तांत उतरला कीं नाहीं हें मोजण्याची रीतिही सिद्ध झाली. एक मिलिलिटर रक्तद्रवांत प्रतिकारक द्रव्याचें निदान अर्धें आंतरराष्ट्रीय एकक असावें, ही त्या मापाची सीमा होय. युरोपांत रोग मुख्यतः कोल्ह्यांमार्फत पसरत असे. १९७८ सालीं स्वित्झर्लंडमध्यें कोंबड्यांच्या मुंडक्यांत लस घालून तीं रानांत टाकण्याचा प्रयोग झाला. कोल्ह्यांनीं आमिष खाल्लें व तेही सुरक्षित झाले. या उपायानें पश्चिम युरोपांतून रोग ओसरत गेला. स्वीडन व नॉर्वे या देशांनीं १९९४ सालीं युरोपांतील लस टोंचलेल्या व रक्त तपासलेल्या जनावरांस क्वारंटाइनमधून मोकळें केलें. त्याच सालीं समुद्राखालचा बोगदा सुरू होऊन इंग्लंड फ्रान्सला जोडलें गेलें.

यापुढें सहा महिन्यांच्या कोठडीचें समर्थन करणें कठीण झालें. १९९७ सालीं हाँगकाँगचे शेवटचे गव्हर्नर ख्रिस पॅटन मायदेशीं निघाले, तेव्हां त्यांचे दोन लाडके कुत्रे, व्हिस्की व सोडा, इंग्लंडच्या कोंडवाड्यांत न जातां फ्रान्समध्यें राहिले. साम्राज्याच्या प्रतिनिधीससुद्धां आपले कुत्रे घरीं नेतां येत नाहींत, या गोष्टीचा वर्तमानपत्रांत बराच गवगवा झाला. १९९८ सालीं प्राध्यापक इयन केनेडी यांच्या समितीनें नियम बदलण्याची शिफारस केली, आणि २८ फेब्रुवारी २००० रोजीं पश्चिम युरोपांतील जनावरांपुरती नवी प्रवासयोजना अमलांत आली.

या योजनेंतील एक बाब विशेष पाहण्यासारखी आहे. रक्तपरीक्षेनंतर सहा महिने थांबण्याची अट तींतही होतीच! फरक एवढाच कीं, ते सहा महिने जनावरानें कोठडींत न काढतां आपल्या घरीं, आपल्या माणसांत काढावयाचे. प्रतीक्षा नाहींशी झाली नाहीं. तिची जागा बदलली. लस टोंचण्यापूर्वींच रोग शिरला असेल तर तो या अवधींत बाहेर पडावा, हा मूळचा हेतु तसाच राहिला. १ जानेवारी २०१२ पासून ही मुदत आणखी उतरली: युरोपीय संघांतील जनावरांस लसीनंतर २१ दिवस पुरेसे झाले, आणि हिंदुस्थानासारख्या मान्य यादीबाहेरील देशांतून येणाऱ्यांसाठीं आरंभीं सांगितलेले तीन महिने ठरले.

आतां मुलांच्या प्रश्नाचें उत्तर देतां येईल. पूर्वीं सरकार वाट पाहत असे. आतां ती वाट कुटुंबानें पाहावयाची आहे, आणि ती नीट पाहिली याचा पुरावाही कुटुंबानेंच द्यावयाचा आहे. म्हणून क्रमास एवढें महत्त्व आलें. चिप आधीं नसेल तर लस कोणत्या जनावरास टोंचली याचा पुरावा राहत नाहीं, आणि ती पुन्हां टोंचून सगळे महिने नव्यानें मोजावे लागतात. दाखल्यांवरील तारखा व चिपचा क्रमांक जुळले नाहींत तर जनावर आजही क्वारंटाइनमध्यें जातें. निघण्यापूर्वीं सरकारी पशु-क्वारंटाइन खात्याचा आरोग्याचा दाखला लागतो. कुत्र्यास ब्रिटनमध्यें पोंचण्यापूर्वीं २४ ते १२० तासांच्या आंत पट्टकृमीचें औषध द्यावें लागतें. हे महिने रिकामे घालविण्याचे नव्हत. विमानांतून ज्या पेटींतून जावयाचें ती पेटी आधींच घरांत आणून उघडी ठेवावी. तींत जनावरानें खावें, निजावें, तिला आपलाच वास लागूं द्यावा. प्रवासाच्या दिवशीं ती पेटी त्यास परकी वाटत नाहीं.

अर्थात् ज्याला आपल्या प्रयाणाची तारीख चार-पांच महिने आधीं ठाऊक आहे त्यालाच ही तयारी साधते. २०२२ सालीं युक्रेनमधून लाखों लोक जीव मुठींत धरून निघाले, तेव्हां अनेकांच्या कवेंत कुत्रीं-मांजरें होतीं आणि हातांत कागद नव्हते. युरोपीय देशांनीं नियम शिथिल करून त्यांस आंत घेतलें. ब्रिटननें क्वारंटाइन ठेवलें, पण त्याचा खर्च सरकारनें सोसला. १९१८ चा शिपाई व २०२२ चा निर्वासित यांच्या मनांतील भावना एकच होती. सरकारनें मात्र मधल्या शतकांत कांहीं शिकून घेतलें होतें.

शेवटीं आपल्याकडे वळूं. आपला देश मान्य यादीबाहेर आहे यांत अपमान मानण्यासारखें कांहीं नाहीं. तें आपल्या रस्त्यांचें खरें वर्णन आहे. जगांत दरसाल सुमारें ५९,००० माणसें रेबीजनें मरतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यांतील फार मोठा भाग आशिया व आफ्रिका खंडांतील गरीब लोकांचा व मुलांचा असतो. गोव्यांत गेल्या दशकापासून वर्षोगणतीं हजारों कुत्र्यांस लस टोंचण्याची मोहीम चालली आहे, आणि २०२१ सालीं सरकारनें तें राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर केलें. मुसकें न बांधतां व कत्तल न करतां जें तेथें होऊं शकतें तें इतरत्रही होऊं शकेल. विलायतेस निघालेल्या कुटुंबानें आपल्या कुत्र्यास लस टोंचतांना दाराशीं बसणाऱ्या कुत्र्याचीही आठवण ठेवावी, असें आम्हांस वाटतें. त्यालाही लस मिळूं लागेल तेव्हां हे तीन महिने आपोआप कमी होतील. आणि न झाले तरी आपल्या गल्लींतील एखादें मूल वांचेल.