सिनेमाची थकबाकी

सिनेमाचे बक्षीस समारंभ मी दरवर्षी शेवटपर्यंत पाहतो आणि दरवर्षी चिडून झोपतो. आमची सौ. म्हणते, "अहो, चिडायचंच असेल तर बँकेत चिडा. तिथं निदान पगार तरी मिळतो." मी कॉमर्सचा पदवीधर, पण हे गणित मला अजून खोडता आलेलं नाही. मात्र डहाणूच्या शाखेत दिवसभर लोकांच्या जमाखर्चाचा मेळ घालणाऱ्या माणसाला रात्री टीव्हीवर भलत्याच खात्यात रक्कम पडताना दिसली, तर त्याने गप्प कसं बसावं?

हा घोळ पहिल्या वर्षापासूनचा आहे. १९५४ साली दोन्ही दुकानं उघडली. मार्चमध्ये मुंबईच्या मेट्रो थिएटरात फिल्मफेअरचा पहिला समारंभ झाला. बक्षिसं मोजून पाच. (आता पाच बक्षिसं होईपर्यंत तीन नाच आणि अकरा जाहिराती होतात.) त्यांनी उत्कृष्ट चित्रपट ठरवला बिमल रॉय यांचा 'दो बिघा जमीन'. त्याच साली सरकारचे राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले. दिल्लीने 'दो बिघा जमीन'ला प्रशस्तिपत्रक देऊन बाजूला बसवलं आणि राष्ट्रपतींचं सुवर्णपदक दिलं आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला! मराठी माणूस म्हणून माझी छाती फुगते. पण सिनेमाचा शौकीन म्हणून बलराज साहनींची ती हातरिक्षा काही डोळ्यांपुढून हलत नाही. बरं, छाती फुगवून ठेवायची तरी किती दिवस? त्या यादीत पुढचं मराठी नाव येतं ते २००३ सालच्या चित्रपटांत, 'श्वास'चं. पन्नास वर्षं रोखून धरला, तेव्हा कुठे श्वास मिळाला.

फिल्मफेअरच्या खतावणीत मराठी माणूस सापडतो, पण कुठे? १९७६ साली 'शोले'ला एकच बक्षीस मिळालं, संकलनाचं. घेणारे एम. एस. शिंदे. १९७३ साली 'पाकीझा'च्या पदरात पडलं ते कला दिग्दर्शनाचं. मानकरी एन. बी. कुलकर्णी. दोन नोंदींवरून सिद्धांत मांडू नये हे मला कळतं, तरी मांडतो: मोठ्या सिनेमाला मोठं काही द्यायचं नसलं, की आपला माणूस पुढे करतात.

पण माझी खरी झोप उडवतं ते त्या १९७३ सालचंच दुसरं खातं. 'पाकीझा'ची गाणी देणारे गुलाम मोहम्मद १९६८ सालीच वारले. चित्रपट लागला १९७२ मध्ये. ज्याच्या चाली गावोगाव वाजत होत्या, त्याच्या कानावर त्यातली एक टाळीही पडली नाही. संगीताचं बक्षीस गेलं 'बेइमान'साठी शंकर-जयकिशन यांना. मेलेल्या माणसाला कसं द्यायचं, असं म्हणायचीही सोय नाही. जयकिशनही १९७१ मध्येच गेले होते. त्याच 'बेइमान'साठी प्राण यांना सहाय्यक अभिनेत्याचं बक्षीस जाहीर झालं होतं. ते त्यांनी नाकारलं. संगीताचा मान गुलाम मोहम्मद यांचा होता, एवढंच त्यांचं म्हणणं. वर्षानुवर्षं पडद्यावर खलनायकी केलेला माणूस, सिनेमाचं नाव 'बेइमान', आणि इमान राखलं त्यानेच!

हे सगळं माझ्या जन्माआधीचं. आमच्या कर्ज विभागातला तलासरीचा सहकारी मला म्हणाला, "भाऊ, पन्नास वर्षांचं बुडीत खातं ते. राइट ऑफ करा की आता!" मी म्हटलं, "राइट ऑफ केलं म्हणून आपण वसुली सोडतो का?" यावर तो गप्प बसला. कर्ज विभागातला माणूस असल्या प्रश्नावर दुसरं करणार तरी काय?

आणि खरं सांगू? ते बक्षीस चुकीच्या घरी गेलं नसतं, तर गुलाम मोहम्मद यांचं नाव आज माझ्या तोंडी तरी आलं असतं का, याची मला शंकाच आहे. म्हणून चिडतो, पण टीव्ही बंद करत नाही. यंदा कोणाचं बुडालं, हे टिपून ठेवायला कोणीतरी जागं हवंच ना!

परवापरवापर्यंत आम्ही हे सगळं लांबूनच पाहत होतो. मग २०२४ साली फिल्मफेअरचा समारंभ झाला गांधीनगरला आणि २०२५ साली अहमदाबादला. मुंबईहून तिकडे जायचं म्हणजे रूळ डहाणूवरून आणि हायवे तलासरीवरून. आमच्या शाखेत एकदम चैतन्य आलं. तलासरीकर म्हणाला, "अच्छाडच्या नाक्याशी उभे राहू. एखादी तरी हिरॉईन चहाला उतरेल." मी घोलवडच्या चिकूंची पेटी सांगून ठेवावी म्हणत होतो, पण सौ.ने आधीच हिशेब करून टाकला होता. मंडळी विमानाने जाणार. म्हणजे जातील आपल्या गावावरूनच, फक्त तीस हजार फुटांवरून.

चिकू आम्हीच खाल्ले.