उसासा : एका प्रार्थनेचा इतिहास

काही वर्षांपूर्वी प्रताप नगरातील एका घरी आम्ही भेटीस गेलो होतो. घरधनी पक्षाघाताने अंथरुणास खिळलेले. त्यांचे सारे काही करणाऱ्या त्यांच्या पत्नीने आमच्यापुढे चहा ठेवला, एक दीर्घ उसासा टाकला आणि त्या म्हणाल्या, "फादर, आता माझ्याकडून प्रार्थना होत नाही. नुसते उसासे येतात." आम्ही तत्परतेने उपदेश केला, की बाई, असे सुस्कारे टाकू नयेत, ते श्रद्धेच्या उणिवेचे लक्षण आहे. सेमिनरीत हे आम्हाला कोणी शिकविले होते? कोणीच नाही, लहानपणी घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले ते बोल होते. बाई "हो फादर" म्हणाल्या. त्यानंतर आम्ही बसलो तितका वेळ त्या आपला श्वास सांभाळीत राहिल्या. हे आम्हाला दिसले. त्यातील आमची चूक दिसावयास मात्र पुष्कळ दिवस लागले.

आपल्या मराठीने या एका श्वासाला किती नावे दिली आहेत! ओझे खाली ठेवले की 'हुश्श', मन दाटून आले की 'उसासा', हळहळ वाटली की 'सुस्कारा', आणि ग्रंथांतून 'निःश्वास'. वैद्यकशास्त्र तर सांगते, की निरोगी माणूसही साधारण दर ५ मिनिटांनी नकळत असा एक खोल श्वास घेतो आणि त्यामुळे फुप्फुसांतील मिटलेले वायुकोश पुन्हा उघडतात. ज्याच्यावाचून शरीराचे चालत नाही, ते आम्ही त्या माउलीला वर्ज्य करू पाहत होतो.

धर्मग्रंथ तरी काय सांगतो? इजिप्तच्या दास्यात इस्राएल लोक कण्हले आणि ते कण्हणे देवापर्यंत पोहोचले, असे निर्गम ग्रंथात आहे. संत मार्काच्या शुभवर्तमानात प्रभू येशू स्वतः दोनदा उसासा टाकतो. सातव्या अध्यायात बहिऱ्या माणसाला बरे करताना तो आकाशाकडे पाहतो, उसासा टाकतो आणि मग 'एफ्फाथा' हा शब्द उच्चारतो. आठव्या अध्यायात परुशी चिन्ह मागतात, तेव्हा त्याचा उसासा अधिक खोल आहे. मत्तय व लूक यांनी हे उसासे नोंदविलेले नाहीत. मार्काने ते जपून ठेवले, याबद्दल आम्ही त्याचे ऋणी आहोत. संत पौल रोमकरांस लिहितो, की आपल्याला प्रार्थना कशी करावी हे कळत नाही, तेव्हा पवित्र आत्माच शब्दांपलीकडच्या कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो. मार्काचा ग्रीक शब्द आणि पौलाचा शब्द एकाच मुळाचे आहेत.

इ. स. ४१० मध्ये रोम लुटले गेले. तेथून आफ्रिकेत आश्रयास आलेल्या प्रोबा नावाच्या विधवेने संत ऑगस्टिनला प्रार्थनेविषयी विचारले. त्याने उत्तरात इजिप्तमधील तपस्व्यांच्या बाणासारख्या छोट्या प्रार्थनांचा उल्लेख केला, आणि हे कार्य शब्दांपेक्षा कण्हण्याने अधिक साधते, असे कळविले. ज्यांचे घरदार गेले, अशा स्त्रीला हे लिहिलेले आहे, हे विसरता कामा नये.

जपमाळेच्या शेवटी आपण म्हणतो ती 'साल्वे रेजिना' अकराव्या शतकाच्या सुमाराची मानतात. तिच्या लॅटिन पाठात भक्त मरियामातेकडे 'सुस्पिरामुस' म्हणजे उसासत असतात. पोप तेरावे लिओ यांनी १८८४ साली साध्या मिस्सेनंतर गुडघे टेकून म्हणावयाच्या प्रार्थनांत तिचा समावेश सर्व ख्रिस्तसभेसाठी केला, आणि १९६५ पर्यंत तो क्रम चालला. म्हणजे ८० वर्षे प्रत्येक साध्या मिस्सेच्या अखेरीस ख्रिस्तसभा उसासे टाकीत होती! तेव्हा कोणी तिला श्रद्धाहीन म्हटले नाही.

परंतु उसाशाला प्रपंचात मानाचे स्थान दिले ते आनेसीच्या संत फ्रान्सिस डि सेल्स यांनी. १६०९ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा भक्तिमय जीवनावरील ग्रंथ मठवासीयांसाठी नव्हता. संसारात बुडालेल्या माणसाला त्यांनी 'फिलोथिया', म्हणजे देवावर प्रीती करणारी, असे संबोधून तो लिहिला. त्याच्या दुसऱ्या भागात कामाच्या मधोमध देवाकडे टाकलेल्या क्षणिक प्रार्थनांविषयी एक प्रकरण आहे. त्यांना ते जे नाव देतात, त्याच्या मुळाशी श्वासच आहे. इतर प्रार्थना चुकल्या तर ही उणीव भरून काढील, पण ही चुकली तर ती उणीव इतर कशाने क्वचितच भरेल, असा त्यांचा अभिप्राय आहे. आजाऱ्याची कूस बदलणाऱ्या स्त्रीला याहून मोठा दिलासा कोणता?

पुढची हकीकत आपल्याच शहराची. या संताच्या नावाने फादर पीटर मेर्मिए यांनी १८३८ साली आनेसी येथे संघ स्थापन केला. त्यातील मिशनरी १८४५ मध्ये निघून पुढील वर्षी विशाखापट्टणमला पोहोचले, आणि त्या विस्तीर्ण मिशनक्षेत्रातच नागपूर व कामठीची छावणी होती. १८७० मध्ये शाळा निघाली, १८८७ मध्ये नागपूर स्वतंत्र धर्मप्रांत झाला, १९५३ मध्ये महाधर्मप्रांत. सदरमधील आपले कॅथेड्रल याच संताचे. 'एस. एफ. एस.' ही अक्षरे गावातील पोराटोरांच्या तोंडी आहेत. पण त्या अक्षरांमागच्या माणसाने उसाशाविषयी काय लिहिले, हे त्याच कॅथेड्रलमध्ये कितीदा मिस्सा अर्पण केलेल्या आम्हालाही उशिरा कळले.

गेल्या पावसाळ्यात आम्ही पुन्हा त्या घरी गेलो. आमचे आधीचे बोलणे आम्ही परत घेतले आणि मार्काचा सातवा अध्याय वाचला. मग जपमाळ झाली. साल्वेपाशी बाईंचा आवाज अडला. पलंगावरून घरधन्यांनी जड हात थोडासा हलविला, बाईंनी तो धरला आणि एक मोठा उसासा टाकला. उरलेली प्रार्थना आम्ही एकट्यानेच पुरी केली.